मिनिमल सरफेस शिकायला सुरुवात कुठून करावी : एका कॅटेनॉइडपासून

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.ला वक्र आणि पृष्ठे यांवरचा एका सत्राचा अभ्यासक्रम झाला आहे. पहिले आणि दुसरे मूलभूत रूप, गॉस वक्रता, गॉस-बॉने प्रमेय इथपर्यंत ओळख आहे. आता मिनिमल सरफेस, म्हणजे साबणाच्या पडद्यासारखी, सरासरी वक्रता सर्वत्र शून्य असणारी पृष्ठे, शिकायची आहेत, पण जे पुस्तक उघडावे ते रीमानियन मॅनिफोल्ड, सोबोलेव्ह स्पेस किंवा व्हेरिफोल्ड यांपासूनच सुरू होते. मग आधी पार्शल डिफरेन्शियल इक्वेशन्स शिकाव्यात, रीमानियन जॉमेट्री शिकावी, की कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस पुन्हा नीट वाचावे? हे सगळे झाल्याशिवाय विषयाला हात घालूच नये का? संगणकावरच्या चित्रांचा उपयोग होतो का, आणि मार्गदर्शक नसताना कुठवर जाता येते?

यातल्या मधल्या शंकेचे उत्तर आधी देतो : हात आत्ताच घालावा. नवा विषय घेण्याआधी त्याची सगळी पूर्वतयारी पक्की करायची, अशी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची सवय असते, आणि ती पक्की होता होता मूळ विषय बाजूलाच राहतो. मिनिमल सरफेसच्या बाबतीत ही सवय विशेष महागात पडते, कारण हा विषय भूमिती, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, पार्शल डिफरेन्शियल इक्वेशन्स आणि मापसिद्धान्त अशा चार शाखांच्या हद्दीवर उभा आहे, आणि चारही शाखा संपवून मग इकडे यायचे म्हटले तर येणे होतच नाही. माझा सल्ला असा, की पहिले काही महिने त्रिमितीय यूक्लिडीय अवकाश सोडू नये, कॅटेनॉइड, म्हणजे दोन गोल कड्यांमध्ये ताणलेल्या साबणाच्या पडद्याचा आकार, हे एकच पृष्ठ हाती घ्यावे आणि विषयातली प्रत्येक महत्त्वाची कल्पना आधी त्याच्यावर स्वतः गणित करून तपासावी. पूर्वतयारीचा प्रश्न त्यातूनच सुटत जातो, कारण कोणते साधन नेमके कुठे कमी पडते आहे हे तुम्हाला तुमच्या वहीतच दिसते.

सुरुवात क्षेत्रफळाच्या पहिल्या व्हेरिएशनपासून करावी, आणि ते वाचण्याऐवजी स्वतः काढावे. पृष्ठाचा एक तुकडा घ्या, त्याचा प्रत्येक बिंदू लंब दिशेने किंचित सरकवा, कडेवर हे सरकणे शून्य ठेवा, आणि क्षेत्रफळ किती बदलते ते पहिल्या मूलभूत रूपावरून मोजा. दीड-दोन पानांचे गणित आहे. शेवटी असे मिळते, की क्षेत्रफळाचा पहिला डेरिव्हेटिव्ह म्हणजे सरासरी वक्रता आणि सरकण्याचे फंक्शन यांच्या गुणाकाराच्या इंटिग्रलची उणे दुप्पट. तो प्रत्येक सरकण्यासाठी शून्य व्हायचा असेल, तर सरासरी वक्रता सर्वत्र शून्य असावी लागते. इथेच एक सूचना : काही लेखक सरासरी वक्रता म्हणून दोन मुख्य वक्रतांची बेरीज घेतात तर काही तिचे अर्ध, आणि लंबाची दिशाही प्रत्येकाची वेगळी असते. तुमचा संकेत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. या विषयात नवख्याचा निम्मा वेळ चिन्हे जुळवण्यात जातो.

इतिहासाचा क्रम मात्र याहून निराळा होता. ऑयलरने १७४४ मध्ये, वक्र अक्षाभोवती फिरवून होणाऱ्या पृष्ठांपैकी कमीत कमी क्षेत्रफळाचे कोणते हे शोधताना, कॅटेनॉइड मिळवला. लाग्रांजने १७६२ मध्ये दोन चलांच्या फंक्शनच्या ग्राफसाठी सर्वसाधारण समीकरण लिहिले. त्या समीकरणाचा वक्रतेच्या भाषेतला अर्थ म्यूनिएने १७७६ मध्ये सांगितला आणि हेलिकॉइड (गोल जिन्यासारखे वळत जाणारे पृष्ठ) हे नवे उदाहरणही दिले. म्हणजे उदाहरण आधी आले, समीकरण नंतर आणि भूमितीय अर्थ सर्वांत शेवटी. पहिले व्हेरिएशन सोडले, तर पुढे मीही उदाहरणच आधी ठेवतो.

आता कॅटेनॉइड. तारेची दोन सारखी वर्तुळाकार कडी घ्या, प्रत्येकाची त्रिज्या ५ सेंटिमीटर. ती साबणाच्या पाण्यात एकत्र बुडवून समोरासमोर ठेवून हळूहळू दूर नेली, तर बहुतेक वेळा मध्ये एक गोल पडदा अडकलेला दिसतो, आणि त्याच्या कडेवर तीन पडदे १२० अंशांनी एकमेकांना भेटतात. कोरड्या बोटाने तो मधला पडदा फोडला की उरतो तो कॅटेनॉइडचा तुकडा. त्याचे समीकरण : अक्षापासूनचे अंतर = अ × कॉश(उंची ÷ अ). इथे कॉश म्हणजे हायपरबोलिक कोसाइन, उंची मध्यापासून मोजलेली, आणि अ म्हणजे कमरेची, म्हणजे सर्वांत अरुंद जागेची, त्रिज्या. कड्यांमधले निम्मे अंतर भागिले अ या गुणोत्तराला क्ष म्हणू. मग कड्याची त्रिज्या भागिले निम्मे अंतर हे कॉश(क्ष) ÷ क्ष इतके व्हावे लागते, आणि सगळी गंमत या एका फंक्शनमध्ये आहे. त्याची किमान किंमत सुमारे १.५०९ आहे आणि ती क्ष = १.१९९७ च्या आसपास मिळते. त्याहून मोठ्या प्रत्येक किमतीसाठी क्षची दोन उत्तरे मिळतात, लहान किमतीसाठी एकही नाही.

हे आकड्यांत पाहा. कड्यांमधले अंतर ५ सेंटिमीटर ठेवले, तर कॉश(क्ष) = २ क्ष हे समीकरण सोडवावे लागते; उत्तरे ०.५८९ आणि २.१२७. पहिल्या उत्तराच्या कॅटेनॉइडची कंबर ४.२४ सेंटिमीटर त्रिज्येची, दुसऱ्याची १.१८ सेंटिमीटरची. दोन्ही त्याच दोन कड्यांना टेकतात आणि दोन्हींची सरासरी वक्रता सर्वत्र शून्य आहे. पण पहिल्याचे क्षेत्रफळ १४९.८ चौरस सेंटिमीटर आहे, दुसऱ्याचे १७१.१, आणि दोन कड्यांवर ताणलेल्या दोन सपाट चकत्यांचे मिळून १५७.१. साबणाचा पडदा नेहमी पहिलाच आकार घेतो. दुसरा, बारीक कमरेचा, कागदावर समीकरण पाळतो. प्रयोगात तो कधीही टिकत नाही. सरासरी वक्रता शून्य असणे ही फक्त पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य असण्याची अट आहे, किमान क्षेत्रफळाची हमी तिच्यात नाही, हे वाक्य पुस्तकात वाचून विसरले जाते, १४९.८, १५७.१ आणि १७१.१ हे तीन आकडे स्वतः काढले की विसरता येत नाही.

आता कडी दूर न्या. ५.२८ सेंटिमीटरला जाड कॅटेनॉइड आणि दोन चकत्या यांचे क्षेत्रफळ सारखे होते. त्यापुढे चकत्याच स्वस्त, तरीही पडदा फुटत नाही, कारण जवळपासच्या सर्व आकारांत तो अजूनही किमान आहे. ६.६३ सेंटिमीटरला जाड आणि बारीक कॅटेनॉइड एकमेकांत मिसळून एकच होतात, त्यानंतर कोणताच उरत नाही आणि पडदा एकदम दोन चकत्यांत कोसळतो. त्या क्षणी कंबर २.७६ सेंटिमीटर त्रिज्येची असते, म्हणजे कड्याच्या निम्म्याहून जास्त. कंबर बारीक होत होत शून्यावर येईल आणि मग पडदा तुटेल असा बहुतेकांचा अंदाज असतो. तो चुकतो, आणि का चुकतो हे समजण्यासाठी दुसरे व्हेरिएशन, म्हणजे क्षेत्रफळाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह, लागते.

दुसरे व्हेरिएशन काढल्यावर जो ऑपरेटर समोर येतो, त्यात लाप्लासियन आणि गॉस वक्रता एवढ्या दोनच गोष्टी असतात. त्याचे नाव जाकोबी ऑपरेटर. कॅटेनॉइडवर फक्त उंचीवर अवलंबून असणारी फंक्शन घेतली, तर तो एका साध्या दुसऱ्या क्रमाच्या समीकरणावर येतो आणि त्याची दोन्ही उत्तरे डोळ्यांसमोर असतात. एक टॅन्ह(क्ष), म्हणजे हायपरबोलिक टॅन्जंट, जे कॅटेनॉइड अक्षाच्या दिशेने सरकवण्यातून येते. दुसरे १ − क्ष × टॅन्ह(क्ष), जे कॅटेनॉइड केंद्राभोवती लहान-मोठा करण्यातून येते. कारण दोन्ही क्रियांत मिनिमल सरफेस मिनिमलच राहतो. हे दुसरे उत्तर शून्य होते ते क्ष = १.१९९७ ला, म्हणजे नेमके तिथे, जिथे कॉश(क्ष) ÷ क्ष किमान होते. पडद्याचे अस्तित्व आणि त्याचे स्थैर्य एकाच जागी संपतात, आणि हा योगायोग नाही : ज्या कुटुंबातली दोन उत्तरे तिथे एक होतात, ते कुटुंब मापबदलाचेच आहे. भूमितीत याचा अर्थ असा, की त्या क्षणी कड्यापाशी वक्राला काढलेली स्पर्शिका अक्षावरच्या केंद्रातून जाते. ही आकृती एकदा हाताने काढा.

इथवरच्या सगळ्या गणिताला पदवीच्या कॅल्क्युलसपलीकडे फारसे काही लागले नाही. पुढचे पाऊल मात्र कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसशिवाय टाकता येत नाही, आणि तुमच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे : तिघांपैकी एकच आधी निवडायचे असेल तर ते निवडा. प्रत्येक पृष्ठावर स्थानिक पातळीवर असे सहनिर्देशक घेता येतात, की पहिले मूलभूत रूप सपाट रूपाच्या एखाद्या धन पटीइतके होते. अशा सहनिर्देशकांत पृष्ठ मिनिमल असण्याची अट म्हणजे त्याचे तिन्ही निर्देशक हार्मोनिक असणे. हार्मोनिक फंक्शनमागे होलोमॉर्फिक फंक्शन येतेच. तेव्हा मिनिमल सरफेस म्हणजे अशी तीन होलोमॉर्फिक फंक्शन, की ज्यांच्या वर्गांची बेरीज शून्य आहे. एन्नेपर आणि वायरश्ट्रास यांनी १८६० च्या दशकात ही अट दोन घटकांनी सोडवली : एक मेरोमॉर्फिक फंक्शन आणि एक होलोमॉर्फिक डिफरेन्शियल, असे काहीही दिले की इंटिग्रल घेऊन त्याच्या वास्तव भागातून मिनिमल सरफेस मिळतो. त्यातले मेरोमॉर्फिक फंक्शन म्हणजे दुसरे तिसरे काही नसून गॉस मॅपचे (पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूला तिथला एकक लंब, म्हणजे एकक गोलावरचा एक बिंदू, देणाऱ्या मॅपचे) स्टिरिओग्राफिक प्रोजेक्शन आहे, आणि विषयाची निम्मी ताकद या एका वाक्यात आहे.

कॅटेनॉइडवर हे करून पाहा. आरंभबिंदू वगळलेले संमिश्र प्रतल घ्या, गॉस मॅप म्हणून झेड हेच फंक्शन घ्या आणि उंचीचे डिफरेन्शियल म्हणून डीझेड भागिले झेड. आरंभबिंदूभोवती एक फेरी मारली की त्या डिफरेन्शियलचे इंटिग्रल पूर्ण काल्पनिक येते, वास्तव भाग शून्य. म्हणून पृष्ठ फेरी मारून स्वतःला जुळते. आता सगळ्याला काल्पनिक एकक आयने गुणा. तेच इंटिग्रल वास्तव होते, एका फेरीनंतर तुम्ही पूर्वीच्या जागेपासून २ गुणिले पाय इतके वर किंवा खाली जाता, आणि मिळतो तो हेलिकॉइड. अंतरे आणि गॉस वक्रता यांत कणभरही फरक पडलेला नाही. कॅटेनॉइड उभा चिरून, न ताणता, हेलिकॉइडच्या एका वळशावर बसवता येतो. वर्गात याचे चलचित्र सगळे दाखवतात आणि मुले टाळ्या वाजवतात, पण रेसिड्यू कुठे वास्तव आहे आणि कुठे काल्पनिक हे जो स्वतः मोजतो त्यालाच पुढे पीरियड प्रॉब्लेम काय असतो ते कळते. नवे मिनिमल सरफेस बांधताना खरी अडचण तीच असते : सूत्र वाटेल तितकी पृष्ठे देते, पण ती फेरी मारून जुळतात की नाही हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

गॉस मॅपची भाषा हाती आली की दुसऱ्या व्हेरिएशनचा प्रश्नही सोपा होतो, कारण जाकोबी ऑपरेटर गॉस मॅपमार्फत थेट गोलावर नेता येतो आणि तिथे तो गोलाचा लाप्लासियन अधिक २ असा दिसतो. बार्बोसा आणि दो कार्मो यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले, की गॉस मॅपखाली तुकड्याची जी प्रतिमा पडते तिचे क्षेत्रफळ २ गुणिले पाय याहून कमी असेल, तर तो तुकडा स्थिर असतो, म्हणजे कड न हलवता त्याला किंचित सरकवून क्षेत्रफळ कमी करता येत नाही. आपल्या कॅटेनॉइडवर हे क्षेत्रफळ ४ गुणिले पाय गुणिले टॅन्ह(क्ष) आहे. प्रमेय क्ष ०.५४९ पर्यंतच हमी देते, तर प्रत्यक्षात तुकडा १.१९९७ पर्यंत स्थिर राहतो. म्हणजे अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. कोणतेही प्रमेय वाचल्यावर ते आपल्या हातातल्या पृष्ठावर किती घट्ट बसते ते असे मोजून पाहावे.

पार्शल डिफरेन्शियल इक्वेशन्स कधी? लाग्रांजच्या समीकरणाकडे वळाल तेव्हा. ते एलिप्टिक आहे आणि अरेखीय आहे, पण सुरुवातीला त्याच्याविषयी दोनच गोष्टी लागतात. पहिली, त्याची स्पष्ट उत्तरे कशी शोधायची. उंची म्हणजे एका चलाचे एक फंक्शन अधिक दुसऱ्या चलाचे दुसरे फंक्शन, असे धरून समीकरणात घाला. चल वेगळे होतात आणि अर्ध्या पानात लॉग कॉस मिळतो. हाच शेर्कचा १८३४ मधला सरफेस. तो बुद्धिबळाच्या पटाच्या फक्त एका रंगाच्या घरांवर उभा राहतो आणि घरांच्या कडांवर वर-खाली अनंताकडे जातो. दुसरी गोष्ट म्हणजे मॅक्सिमम प्रिन्सिपल : दोन मिनिमल सरफेस एका बिंदूत स्पर्श करत असतील आणि त्या बिंदूजवळ एक दुसऱ्याच्या एकाच बाजूला असेल, तर ते दोन्ही तिथे एकच असतात. याची सिद्धता एकदा नीट वाचा आणि मग ते हत्यारासारखे वापरा.

ते किती धारदार आहे हे पाहायचे असेल तर हॉफमन आणि मीक्स यांचे १९९० मधले अर्धावकाशाचे प्रमेय घ्या. त्रिमितीय अवकाशात प्रॉपर (ज्याचा कोणत्याही मर्यादित भागात फक्त मर्यादित तुकडाच येतो असा) मिनिमल सरफेस एखाद्या प्रतलाच्या एकाच बाजूला असेल, तर तो स्वतःच त्याला समांतर प्रतल असतो. सिद्धतेत कॅटेनॉइडच परत येतो : अर्धा कॅटेनॉइड पृष्ठ आणि प्रतल यांच्या मधे ठेवायचा आणि त्याची कंबर लहान लहान करत न्यायची. तसे करताना अक्षापासून दूर तो प्रतलाला चिकटत जातो आणि कुठेतरी पृष्ठाला पहिल्यांदा टेकतो, तिथे मॅक्सिमम प्रिन्सिपल त्याला पकडते. हे चालते, कारण त्रिमितीय कॅटेनॉइडची उंची लॉगरिदमच्या गतीने का होईना, पण अनंतापर्यंत वाढते. चौथ्या मितीपासून पुढे कॅटेनॉइड दोन समांतर अधिप्रतलांच्या मध्येच राहतो, आणि तिथे प्रमेय खोटे ठरते. उलट उदाहरण पुन्हा कॅटेनॉइड स्वतःच.

बर्नश्टाइनचे प्रमेयही याच टप्प्यावर वाचावे. संपूर्ण प्रतलावर व्याख्या असलेल्या फंक्शनचा ग्राफ मिनिमल असेल तर तो सपाटच असतो, असे ते सांगते. आधुनिक सिद्धतेचा गाभा असा, की ग्राफचा गॉस मॅप अर्ध्या गोलातच राहतो, पृष्ठ कन्फॉर्मल दृष्टीने, म्हणजे फक्त कोन पाहिले तर, संपूर्ण संमिश्र प्रतलासारखे असते, आणि मग लिऊव्हिलच्या प्रमेयाने गॉस मॅप कॉन्स्टंट, म्हणजे सर्वत्र एकच किंमत असणारा, ठरतो. यातली मधली पायरी सर्वांत कठीण आहे, तिच्यावर घाई करू नका. वरच्या मितींत ही कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसची वाट बंद होते. तिथे द जॉर्जी, आल्मग्रेन, सायमन्स यांच्या कामातून सात चलांपर्यंत प्रमेय खरे असल्याचे दिसले, आणि १९६९ मध्ये बोंबिएरी, द जॉर्जी आणि जुस्ती यांनी आठ चलांसाठी ते खोटे असल्याचे दाखवले. अशी सीमारेषा एका ठरावीक मितीवर का पडावी, हा प्रश्न तुम्हाला मनापासून छळू लागला की समजावे, मापसिद्धान्ताकडे जाण्याची वेळ झाली. त्याआधी व्हेरिफोल्ड (मापसिद्धान्ताच्या भाषेतले व्यापक अर्थाचे पृष्ठ) वाचून हाती फक्त व्याख्या लागतात.

प्लाटोच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नवखे विद्यार्थी बहुधा तिथूनच सुरुवात करतात आणि अडकतात. दिलेल्या बंद वक्रावर ताणलेला किमान क्षेत्रफळाचा पडदा असतोच का, हा तो प्रश्न. डग्लस आणि राडो यांनी १९३० च्या सुमारास तो स्वतंत्रपणे सोडवला, आणि १९३६ मध्ये पहिल्यांदा दिलेल्या फील्ड्स पदकांपैकी एक डग्लसला मिळाले. अडचण अशी, की क्षेत्रफळ हे पॅरामीटर बदलले तरी बदलत नाही, त्यामुळे क्षेत्रफळ किमानाकडे नेणारी श्रेणी घेतली तरी तिच्यावर काहीच ताबा राहत नाही. उपाय असा, की क्षेत्रफळाऐवजी डिरिक्ले ऊर्जा किमान करायची. एवढी कल्पना समजली की पहिल्या वाचनाला पुरे. आणि तारांमधल्या खऱ्या साबणाच्या पडद्यांत तीन पडदे १२० अंशांनी आणि चार कडा सुमारे १०९.५ अंशांनी का भेटतात, याची सिद्धता जीन टेलर यांनी १९७६ मध्ये दिली. ती वाचायला खूप पुढची तयारी लागते.

पुस्तकांविषयी. दो कार्मो यांच्या वक्र आणि पृष्ठांवरच्या पुस्तकातला मिनिमल सरफेसचा भाग सर्व उदाहरणे सोडवून पुरा करावा. मग ऑसरमन यांचे छोटे सर्वेक्षणपर पुस्तक घ्यावे. ते जुने आहे, पण कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसची बाजू इतक्या कमी पानांत इतकी स्वच्छ मांडलेली मला दुसरीकडे आढळली नाही. परिमित एकूण वक्रतेचा सिद्धान्त तिथेच भेटतो : पूर्ण मिनिमल सरफेसची एकूण वक्रता, म्हणजे पृष्ठभर घेतलेले गॉस वक्रतेचे इंटिग्रल, परिमित असेल तर ती उणे ४ गुणिले पाय याच्या पूर्ण पटीत असते, आणि एकच पट असणारे पृष्ठ म्हणजे कॅटेनॉइड किंवा एन्नेपरचा सरफेस, तिसरे नाही. कोल्डिंग आणि मिनिकोझी यांचे पुस्तक त्यानंतरचे, आणि तेव्हा रीमानियन जॉमेट्रीही शिकायला हरकत नाही. मोठमोठे ग्रंथ संदर्भासाठी ठेवावेत. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचत नाही.

संगणकाचा उपयोग होतो, पण बेताने. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोस्टाचा सरफेस. ब्राझीलच्या सेल्सो कोस्टाने १९८० च्या दशकाच्या आरंभी एक भोक आणि अनंताकडे जाणारी तीन टोके असलेल्या, उणे १२ गुणिले पाय एकूण वक्रतेच्या पूर्ण मिनिमल सरफेसची सूत्रे लिहिली, पण तो स्वतःला छेदतो की नाही हे सूत्रांवरून दिसत नव्हते. हॉफमन आणि मीक्स यांनी त्याची संगणकावर चित्रे काढून घेतली, चित्रांतून त्याची सममिती दिसली, आणि त्या सममितीच्या आधारे तो स्वतःला कुठेही छेदत नाही याची सिद्धता उभी राहिली. चित्र सिद्धतेकडे नेते, तिची जागा घेत नाही. तुम्ही केन ब्राकी यांचा सरफेस इव्हॉल्व्हर हा मोफत प्रोग्रॅम उतरवून त्याला आपली ५ सेंटिमीटरची दोन कडी द्या. बारीक कमरेच्या कॅटेनॉइडच्या जवळचा आकार दिला आणि कंबर किंचित जाड ठेवली, तर तो जाड कॅटेनॉइडकडे जाईल. किंचित बारीक ठेवली तर कंबर आवळत जाईल. बारीक कॅटेनॉइडवर मात्र तो थांबणार नाही, कारण तो क्षेत्रफळ उतरवत नेणारा प्रोग्रॅम आहे. वर काढलेले दुसरे व्हेरिएशन असे पडद्यावर चालताना दिसते.

शेवटचा प्रश्न मार्गदर्शकाचा. ऑसरमन यांचे पुस्तक संपेपर्यंत एकट्याने जाता येते. त्यापुढे कोणाशी तरी बोलल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांच्या संयुक्त राष्ट्रीय गणित केंद्रातर्फे देशभर ज्या प्रशिक्षण शाळा भरतात त्यांना अर्ज करावा, तिथे भूमिती आणि अ‍ॅनालिसिस या दोन्हींतली माणसे भेटतात. जाताना एक सोडवलेले गणित बरोबर न्यावे, आणि मी सुचवीन ते एन्नेपरच्या सरफेसचे. त्यात गॉस मॅप झेड हेच फंक्शन घ्या, उंचीचे डिफरेन्शियल झेड गुणिले डीझेड घ्या आणि पॅरामीटरच्या प्रतलातली आरंभबिंदूभोवतीची चकती घ्या. चकतीची त्रिज्या १ होईपर्यंत तुकडा स्थिर असतो, कारण तोवर गॉस मॅपची प्रतिमा अर्ध्या गोलापलीकडे जात नाही. तुकडा स्वतःला छेदू लागतो ते त्रिज्या ३ च्या वर्गमुळाइतकी झाल्यावर. म्हणजे १ आणि ३ चे वर्गमूळ यांच्या मध्ये असा तुकडा मिळतो, जो स्वतःला छेदत नाही, ज्याची सरासरी वक्रता शून्य आहे, आणि तरीही त्याच्याच कडेवर त्याहून कमी क्षेत्रफळाचा पडदा असतो. डग्लसच्या प्रमेयाने तो असतो एवढे कळते, पण असे पडदे एकापेक्षा जास्त आहेत हे पृष्ठाच्या सममितीवरून दाखवायचे आहे. ते दाखवता आले, तर मार्गदर्शकाशी बोलायला तुमच्याकडे पुरेसे आहे.